एम३ आणि जीडीपीचं गुणोत्तर: तयार घ्यायचं की घरी करायचं?

भारतातला पैसा, म्हणजे एम३ (लोकांकडचं चलन अधिक बँकांतल्या ठेवी), जीडीपीच्या किती टक्के, असं विचारलं की तीन उत्तरं हमखास मिळतात: ८३, ९५ आणि १३९. पहिलं २०२२-२३ चं, बरोबर. दुसरं २०२०-२१ चं, तेही बरोबर. तिसरं साफ चूक, पण पकडायला अवघड, कारण दोन्ही आकडे सरकारी असतात आणि भागाकारही बिनचूक असतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या अभ्यासिकांत एमपीएससीला बसलेली मुलं, बी.कॉम.चा प्रकल्प लिहिणारे आणि बँकेच्या बढतीच्या परीक्षेची तयारी करणारे हा आकडा बहुतेक तीन ठिकाणांहून उचलतात: जागतिक बँकेचं डेटा पान, रिझर्व्ह बँकेचं डीबीआयई हे आकडेवारीचं पोर्टल व त्याचं आरबीआयडेटा हे मोबाइल ॲप, आणि अमेरिकेच्या आकड्यांसाठी सेंट लुइस फेडचं (फेड म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक) फ्रेड हे संकेतस्थळ. तिन्ही फुकट. त्यांतलं कुठलं कशासाठी वापरावं आणि कुठे पाय घसरतो, याची ही तपासणी.

आधी जागतिक बँक, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. शोधचौकटीत 'ब्रॉड मनी' टाकलं की 'ब्रॉड मनी, जीडीपीच्या टक्क्यांत' ही मालिका येते, देश निवडला की १९६० पासूनचा आलेख समोर. भागाकार करायची गरज नाही, एकक जुळवायची कटकट नाही. एकाच आलेखात चारपाच देश टाकता येतात, आणि या पानाची खरी किंमत तीच. चीन २०० टक्क्यांच्या वर, जपान त्याच्याही वर, हाँगकाँग ४०० च्या पुढे. 'पैसा वाढला की महागाई वाढते' हे पाठ केलेलं वाक्य जपानच्या रेषेसमोर ठेवून पाहावं: गुणोत्तर इतकं उंच, आणि तरी त्या देशाने दशकानुदशकं किमती न वाढण्याचीच तक्रार केली. गुणोत्तर उंच असणं म्हणजे लोकांचा पैसा बँकांत मुरलेला असणं. तो बाजारात धावतोय की नाही, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

सीएसव्ही उतरवून घ्याल तर झिप फाइल उघडून तीन फाइली मिळतात. आकडे एकीत, उरलेल्या दोन देशांच्या आणि मालिकेच्या माहितीच्या. आकड्यांच्या फाइलमध्ये वरच्या काही ओळी शीर्षकाच्या असतात, रकाने त्यांच्याखाली सुरू होतात. त्या ओळी न काढता एक्सेलमध्ये क्रम लावला की सगळा घोळ होतो. शिवाय देशांच्या यादीत 'साउथ एशिया', 'अरब वर्ल्ड' असे गटही देशांच्याच ओळीत बसलेले असतात. सरासरी काढताना ते वगळले नाहीत तर भारत दोनदा मोजला जातो.

तयार मसाल्याच्या पुडीचं जे असतं तेच इथे. चव येते, पण आत कुठली मिरची आहे ते मागे बारीक अक्षरात. या मालिकेतला 'ब्रॉड मनी' म्हणजे बँकांबाहेरचं चलन, केंद्र सरकारच्या सोडून इतरांच्या मागणी (मागताक्षणी मिळणाऱ्या), मुदत व बचत ठेवी, रहिवाशांच्या परकीय चलनातल्या ठेवी आणि काही रोखे. ही नाणेनिधीच्या पद्धतीची व्याख्या आहे, रिझर्व्ह बँकेच्या एम३ शी ती तंतोतंत जुळत नाही. भारताच्या जीडीपीपुढे '२०२२' लिहिलेलं असतं तेव्हा ते एप्रिल २०२२ ला सुरू झालेलं आर्थिक वर्ष असतं. परीक्षेच्या उत्तरात 'कॅलेंडर वर्ष २०२२' लिहिलं की गुण गेले. आणि सगळ्यात मोठी अडचण: एकच टक्का मिळतो, तो कशाकशाचा बनला ते मिळत नाही. देशादेशांची तुलना करायची तर इथे या, भारताबद्दल चार ओळी लिहायच्या तर इथे थांबू नका.

रिझर्व्ह बँकेचं दुकान

इथे काउंटर तीन. शुक्रवारी निघणारी साप्ताहिक पुरवणी, डीबीआयई पोर्टल, आणि वर्षातून एकदा येणारं 'हँडबुक ऑफ स्टॅटिस्टिक्स ऑन इंडियन इकॉनॉमी'. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या जोडीला आरबीआयडेटा हे ॲप आलं. त्यात ११,००० हून अधिक मालिका आहेत, प्रत्येक मालिकेचा स्रोत, एकक, वारंवारिता दिसते, आलेख दिसतो, आकडे उतरवता येतात. सार्कच्या शेजारी देशांचेही आकडे त्यात आहेत. फोनवर मालिका शोधायला ॲप ठीक. गणित करायला मात्र पोर्टल आणि एक्सेल, कारण गुणोत्तरासाठी दोन वेगवेगळ्या तक्त्यांतले आकडे शेजारीशेजारी लागतात आणि बोटभर पडद्यावर ते काम म्हणजे नुसता त्रास.

तक्त्यांची भाषा इंग्रजी. 'मनी स्टॉक' नावाचा तक्ता काढा. त्याचे दोन भाग असतात, 'कंपोनंट्स' म्हणजे पैसा कशात आहे, आणि 'सोर्सेस' म्हणजे तो कुठून आला. गुणोत्तराला पहिला भाग लागतो. ३१ मार्च २०२३ ची रक्कम अशी: जनतेकडचं चलन ३२.७६ लाख कोटी रुपये, बँकांतल्या मागणी ठेवी २३.२१, मुदत ठेवी १६६.७१, रिझर्व्ह बँकेकडच्या 'इतर' ठेवी ०.७६. बेरीज २२३.४४ लाख कोटी, हा एम३. चालू किमतींचा २०२२-२३ चा जीडीपी, २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेत आणि फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित अंदाजानुसार, २६९.५० लाख कोटी. भागाकार ८२.९ टक्के.

एवढ्यावर थांबू नका, त्याच चार आकड्यांतून आणखी दोन गोष्टी फुकट मिळतात. पहिले दोन आणि शेवटचा मिळवला की एम१ होतो ५६.७३ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या २१ टक्के. नुसतं जनतेकडचं चलन जीडीपीच्या १२.२ टक्के. म्हणजे ८३ मधले साठाहून अधिक टक्के एकट्या मुदत ठेवींचे. हर्णै बंदरावरच्या लिलावात पाचशेची नोट संध्याकाळभरात व्यापाऱ्याकडून नाखव्याकडे, नाखव्याकडून बर्फवाल्याकडे, तिथून डिझेलला जाते. त्याच गावातल्या निवृत्त गुरुजींची पाच वर्षांची एफडी पाच वर्षं जागची हलत नाही. एम३ मध्ये दोघांचं वजन रुपयाला रुपया सारखं. जीडीपीला एम३ ने भागून येणारा वेग (रुपया वर्षात सरासरी किती वेळा फिरतो), ८३ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण १.२, हा या दोघांचा सरासरी वेग आहे. तो कुठल्याच खऱ्या नोटेचा वेग नाही.

बचत खात्याबद्दल एक बारकावा, कारण बहुपर्यायी प्रश्नांत तो हटकून चुकतो. बचत खात्यातली सगळी रक्कम मागणी ठेवीत जात नाही. तिचे दोन तुकडे होतात, एक मागणी ठेवींत आणि दुसरा मुदत ठेवींत. रिझर्व्ह बँकेच्या १९७७ च्या कार्यगटापासून ही पद्धत आहे. म्हणून 'बचत खातं = एम१' हे समीकरण अर्धंच खरं.

आता ते १३९. २०२२-२३ चा जीडीपी शोधताना यादीत वर 'स्थिर किमती, २०११-१२' हा तक्ता येतो, त्यात आकडा १६०.७१ लाख कोटी असतो. २२३.४४ ला त्याने भागलं की १३९ टक्के. पैसा आजच्या रुपयांत आणि उत्पादन २०११-१२ च्या रुपयांत, असा तो भागाकार. भारताचं एम३ गुणोत्तर शंभराच्या पुढे दिसलं की पहिली शंका हीच घ्यावी. दुसरी चूक हिच्या शेजारचीच: तिमाही जीडीपीने भागणं. आपल्याकडे तिमाहीचा जीडीपी तीन महिन्यांचाच दिला जातो, वर्षाच्या मापात चढवून नाही. एका तिमाहीने भागलं की उत्तर तीनशेच्या पुढे जातं. वर्षाच्या मधल्या तारखेचं गुणोत्तर हवं तर मागच्या चार तिमाह्यांची बेरीज खाली घ्यायची.

तिसरी चूक एककाची. हँडबुकच्या मधल्या काही वर्षांच्या आवृत्त्यांत रक्कम अब्ज रुपयांत आहे, नव्या आवृत्त्यांत कोटींत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. जुनी आणि नवी फाइल एकाखाली एक चिकटवली की आलेखात मध्येच शंभरपट कडा उभा राहतो. तो दिसतो तरी. घात तेव्हा होतो जेव्हा माणूस फक्त गुणोत्तराचा रकाना बघतो आणि ०.७८ च्या जागी ७८ पाहून 'टक्क्यांत असेल' म्हणून सोडून देतो.

जीडीपीचा आकडा स्थिर नसतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२२-२३ चाच घ्या. मे २०२३ च्या तात्पुरत्या अंदाजात तो २७२.४१ लाख कोटी होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये २६९.५० झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये २६८.९०. त्याच एम३ ला या तिघांनी भागा: ८२.०, ८२.९, ८३.१. देशात एक रुपया इकडचा तिकडे न होता गुणोत्तर एक टक्क्याहून जास्त सरकलं. म्हणून आकड्यासोबत अंदाज कुठला ते लिहावं. आधारवर्ष बदललं की हा सरक आणखी मोठा असू शकतो. २०११-१२ ची मालिका जानेवारी २०१५ मध्ये आली होती, तिच्यानंतरचं आधारवर्ष २०२२-२३ ठरलं आहे. दोन आधारवर्षांचे जीडीपी एकाच रेषेत जोडायचे नाहीत, जोडायचेच तर सांधा कुठे आहे ते आलेखावर दाखवायचं.

तारखेचा मुद्दा याहून बारीक. एम३ ही एका दिवसाची पातळी आहे आणि जीडीपी ही वर्षभराची धार. कोकणातल्या विहिरीचं पाणी श्रावणात मोजलं तर हाताला लागतं, वैशाखात तळ दिसतो, आणि पंपाने वर्षभरात किती उपसलं ते तिसरंच माप. ३१ मार्चला तर बँका ठेवींचं उद्दिष्ट गाठायला धावत असतात, त्यामुळे त्या दिवशी पातळी थोडी फुगलेलीच असते. रिझर्व्ह बँकेची जुनी पाक्षिक मालिका एकाआड एक शुक्रवारची आहे, आणि मार्चअखेरचा आकडा वेगळा दिलेला असतो. मार्चमधल्या शेवटच्या शुक्रवारचा आणि ३१ मार्चचा आकडा एकच समजून एका वर्षी हा आणि दुसऱ्या वर्षी तो घेतला, तर वाढीचा दर बिघडतो. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीने पंधरवड्याची व्याख्याच बदलली: आता १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर. जुनी मालिका नव्याला जोडताना हे ध्यानात ठेवा. ज्यांना हे सगळं टाळायचं आहे त्यांच्यासाठी हँडबुकमध्ये 'ॲव्हरेज मॉनेटरी ॲग्रिगेट्स' नावाचा तक्ता आहे, त्यात वर्षाची सरासरी पातळी तयार मिळते. धारेला भागायला सरासरी पातळीच योग्य. हा तक्ता हँडबुकमधला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उघडला जाणारा.

आता ९५ कडे. मार्चअखेरचा एम३ आणि चालू किमतींचा जीडीपी, दोन्ही लाख कोटींत: २०१९-२० ला १६८.० आणि २०१.०, म्हणजे ८४ टक्के. २०२०-२१ ला १८८.४ आणि १९८.५, म्हणजे ९५. २०२१-२२ ला २०४.९ आणि २३६.०, म्हणजे ८७. मग ८३. करोनाच्या वर्षात एम३ सुमारे १२ टक्क्यांनी वाढला हे खरं, पण गुणोत्तर ११ अंकांनी उडालं ते भाजक सोबत न वाढल्यामुळे: जीडीपी वाढण्याऐवजी एक टक्क्याहून थोडा अधिक आक्रसला. एरवी जीडीपी दहाबारा टक्क्यांनी वाढला असता तर तोच एम३ कुणाच्या डोळ्यांत आला नसता. पुढच्या दोन वर्षांत गुणोत्तर उतरलं त्याचं कारणही तेच, उलट्या बाजूने. एम३ दर वर्षी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतच होता, खालचा आकडा त्याहून जोरात वाढला. गुणोत्तर हललं की वरचा आकडा हलला की खालचा, हे दोन रकाने वेगळे ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. जागतिक बँकेच्या तयार टक्क्यावर विसंबलेला माणूस नेमका इथे अडकतो, आणि 'सरकारने नोटा छापल्या' असं लिहून मोकळा होतो.

नोटांवरून आठवलं: उतरवलेली मालिका बरोबर आहे का, हे तपासायला नोव्हेंबर २०१६ हा उत्तम खुणेचा दगड. ५०० आणि १००० च्या १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या, त्यातल्या १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. तुमच्या फाइलमध्ये 'जनतेकडचं चलन' त्या महिन्यांत दरीत पडल्यासारखं दिसलं पाहिजे, ठेवी तशाच वर चढलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि एम३ मध्ये तेवढी दरी दिसता कामा नये. पैसा नाहीसा झाला नव्हता, खिशातून खात्यात गेला होता. एम३ च्या रकान्यातही दरी असेल तर तुम्ही चुकीचा रकाना उचलला आहे, बहुधा 'रिझर्व्ह मनी'चा (चलन अधिक रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवी). दुसरी खूण जुलै २०२३ ची. १ जुलैला एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि तिच्याकडच्या ठेवी एका दिवसात 'बँकेतल्या ठेवी' झाल्या. रिझर्व्ह बँक वाढीचा दर विलीनीकरण धरून आणि वगळून असा दोन्ही देते. तळटीप वाचावी लागते, तीही बारीक अक्षरात.

व्याख्यांच्या बाबतीत मात्र हे दुकान उदार आहे. एम३ सोबत एनएम३ आहे, १९९८ च्या वाय. व्ही. रेड्डी कार्यगटाने सुचवलेला. यात अनिवासींच्या परत नेता येणाऱ्या परकीय चलनातल्या मुदत ठेवी धरत नाहीत. खेड, चिपळूण, श्रीवर्धन भागात घरटी माणूस आखातात असतो. त्याने एफसीएनआर खात्यात डॉलर ठेवले तर ते एनएम३ बाहेर, रुपयांतल्या एनआरई खात्यात ठेवले तर आत. दोन मापांतला हा फरक पाठ करण्यापेक्षा असा ओळखीच्या खात्यावर लावून पाहिला की विसरत नाही.

फ्रेड, थोडक्यात

अमेरिकेचा एम२ (तिथलं पैशाचं रूढ माप) हवा असेल तर फ्रेडला तोड नाही. एम२एसएल ही मासिक मालिका, 'जीडीपी' ही तिमाही मालिका, 'एडिट ग्राफ' मध्ये दोन्ही टाकून सूत्राच्या चौकटीत 'ए/बी' लिहायचं, वारंवारिता तिमाही आणि पद्धत सरासरी निवडायची, झालं. दोन्ही अब्ज डॉलरांत असल्याने एककाची भानगड नाही. तिथला तिमाही जीडीपी वर्षाच्या मापात चढवलेला असतो, म्हणून थेट भागलं तरी चालतं. हीच सवय घेऊन भारताच्या तिमाही आकड्यांकडे आलं की वर सांगितलेला तीनशे टक्क्यांचा घोटाळा होतो. उलटं गुणोत्तर, म्हणजे वेग, एम२व्ही नावाने तयारच आहे. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत तो १.१ च्या आसपास घसरलेला दिसतो.

दोन सावधगिऱ्या. अमेरिकेच्या एम२ मध्ये एक लाख डॉलरच्या आतल्याच मुदत ठेवी आहेत, मोठ्या नाहीत. आपल्या एम३ मध्ये लहानमोठ्या सगळ्या आहेत. त्यांचा स्वतःचा एम३ फेडने मार्च २००६ मध्ये बंद केला. आणि मे २०२० पासूनच्या एम१ मध्ये बचत ठेवीही मिळवल्या गेल्यामुळे ती रेषा एकदम कड्यासारखी वर जाते. समाजमाध्यमांवर 'अमेरिकेने इतका पैसा छापला' म्हणून फिरणाऱ्या चित्रांत बऱ्याचदा हाच कडा असतो. तो व्याख्येचा आहे.

जे मोजलंच जात नाही

कोकणात बसून हे गुणोत्तर वापरणाऱ्याने एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यायला हवी. एम३ मधल्या ठेवी 'बँकांतल्या' आहेत. त्यात व्यापारी बँका आल्या, नागरी सहकारी बँका आल्या, जिल्हा मध्यवर्ती बँका आल्या. पतपेढी आली नाही. पतसंस्था कायद्याने बँक नाही, तिच्याकडची ठेव एम३ मध्ये थेट मोजली जात नाही. पतपेढीने स्वतःची शिल्लक जिल्हा बँकेत ठेवली तर तेवढीच आत येते, कर्ज म्हणून वाटलेली रक्कम कर्जदाराच्या बँक खात्यात असेल तर तिथे मोजली जाते. पण ठेवीदाराच्या हातातली पावती, जी त्याच्या मनाने एफडीच असते, ती या बेरजेत नाही. पोस्टाचंही तसंच. एकेकाळी मनीऑर्डरवर चालणाऱ्या या पट्ट्यात पोस्टाचं आवर्ती खातं आणि मासिक उत्पन्न योजना घरोघर असते. ती रक्कम एम३ मध्ये नाही, जुन्या एम४ मध्ये (एम३ अधिक पोस्टातल्या ठेवी) आहे, रेड्डी गटाच्या नव्या पद्धतीत एल१ मध्ये (एनएम३ अधिक त्याच ठेवी), तीही राष्ट्रीय बचत पत्रं सोडून. त्यामुळे बँकेतली एफडी मोडून पोस्टात टाकली तर घरच्या कपाटात फक्त पावती बदलते, आणि देशाच्या एम३ मधून तेवढी रक्कम निघून सरकारच्या खात्यात जाते. सरकारच्या ठेवी एम३ मध्ये धरत नाहीत. सरकारने ती खर्च केली की पुन्हा कुणाच्या तरी खात्यात उगवते.

गणपतीला मुंबईहून चाकरमान्याने घरी यूपीआयने पंधरा हजार पाठवले, एम३ जैसे थे. आईने ते एटीएममधून काढले, मागणी ठेव घटली, चलन वाढलं, एम१ आणि एम३ दोन्ही जैसे थे. उरलेल्यांतून पाच हजारांची एफडी केली, एम१ घटला, एम३ तसाच. वेंगुर्ल्याच्या काजू कारखानदाराने हंगामात कच्ची काजू घ्यायला कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे बँकेच्या कर्जातून, वीस लाख उचलून बागायतदारांच्या खात्यांत टाकले, आता मात्र एम३ वीस लाखांनी वाढला. माल विकून आलेल्या पैशाने त्याने ते फेडले की तेवढाच घटतो. 'सोर्सेस' भागातली 'व्यापारी क्षेत्राला बँक कर्ज' ही ओळ म्हणजे अशा उचली आणि फेडींची देशभराची शिल्लक. परीक्षेपुरतं पाठ करण्याऐवजी हे चार व्यवहार तक्त्याच्या ओळींवर बसवून पाहावेत. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर व्यवहार नीट कळलेला नाही.

आणि रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गचा एम३? तशी गोष्ट नसते. चलन जिल्ह्याच्या हद्दीत मोजता येत नाही. प्रकल्पासाठी जवळचं माप हवं असेल तर डीबीआयईवर जिल्हावार बँक ठेवी आणि कर्जं तिमाहीगणिक मिळतात, आणि राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न काढतं. ठेवी भागिले चालू किमतींचं जिल्हा उत्पन्न, असा भागाकार करता येतो. त्याला 'ठेवी-उत्पन्न गुणोत्तर' म्हणा, एम३ म्हणू नका. इथे उत्तर फसवं येणार हे आधीच गृहीत धरा: ठेवींतला मोठा भाग मुंबईच्या पगाराचा आणि आखातातल्या कमाईचा, आणि ती कमाई जिल्ह्याच्या उत्पन्नात नाही. अंश बाहेरचा, भाजक आतला. शेजारी कर्ज-ठेव प्रमाणाचा रकाना ठेवला तर चित्र थोडं सरळ होतं, कारण ठेव इथली आणि कर्ज दुसरीकडे वाटलं गेलेलं, हे त्यात उघडं पडतं.

या जिल्हावार मालिकेत व्यापारी आणि ग्रामीण बँका आहेत, सहकारी नाहीत. शिवाय विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आहे, म्हणून बँकनिहाय यादीत जुनं नाव शोधत बसू नका. ॲपमध्ये आपल्या जागेपासून २० किलोमीटरच्या आतल्या बँक शाखा शोधायची सोय आहे, ती शाखा मोजायला कामाची. पण दाभोळला उभं राहून काढलेल्या वीस किलोमीटरच्या वर्तुळात धोपावे बाजूच्या शाखाही पडतील. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे, फेरी बोट सुटली असेल तर वळसा चिपळूणवरून. 'या गावाला इतक्या शाखा जवळ' असं प्रकल्पात लिहिण्याआधी खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वेगळ्या करा. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या ठेवी मात्र या पोर्टलच्या जिल्हावार तक्त्यात मिळणार नाहीत. त्यासाठी त्या बँकेचा छापील वार्षिक अहवाल घ्यायचा. त्यातला ताळेबंद ३१ मार्चचाच असतो, म्हणजे निदान तारीख तरी जुळते.